शेवंतीचा रहस्यपट

फादर एजिदिओंच्या कमरेत उसण भरली नसती, तर मी आज गावात मान वर करून फिरलो असतो. उसण त्यांच्या कमरेत भरली आणि मान माझी खाली गेली, हा शरीरशास्त्राचा कुठला नियम आहे ते मला ठाऊक नाही. पण घडलं ते असं.

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये ऑक्टोबरपासून थंडी संपेपर्यंत दर बुधवारी चित्रपट दाखवतात. चित्रपट दीड तासाचा असतो आणि नंतर दिवे लावून त्यावर चर्चा होते, ती दोन तासांची. दारं बंद करत नाहीत, पण फादर स्वतः दारात खुर्ची टाकून बसतात. त्यामुळे मधूनच उठायचं धाडस फक्त तान्ह्या बाळांच्या आयांना होतं, आणि काही बायका शेजाऱ्यांची बाळं मागून आणतात असा प्रवाद आहे. या वर्षीचा विषय होता 'चित्रपटांचे प्रकार आणि ते ओळखावेत कसे'. हे सगळं फादर चालवतात. ते आडवे झाले, आणि पडल्या पडल्या त्यांनी मला बोलावणं पाठवलं.

"उबाल्दो, तुम्ही नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात आहात. तुम्हाला आराखडा कळतो. चित्रपट म्हणजे तरी काय, आराखडाच," ते म्हणाले.

मी "बघतो" म्हणालो. आमच्या खात्यात 'बघतो' याचा अर्थ 'नाही' असा असतो. फादरांनी तो 'हो' असा घेतला आणि उशीखालून एक जाडजूड पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. चार प्रकरणं मी एका रविवारात वाचून काढली आणि खोटं कशाला बोलू, मला ती आवडली. आपण अडाण्यासारखे नुसते चित्रपट बघत होतो हे मला प्रथमच कळलं. प्रत्येक प्रकाराचे काही संकेत असतात. धुळीचा रस्ता, दारूचा गुत्ता आणि कमरेला पिस्तूल दिसलं की काउबॉयचा चित्रपट. खोकणारी मुलगी आणि न पोचलेलं पत्र दिसलं की रडका. आणि हातमोजे घातलेला अनोळखी पाहुणा, बाटली, कुजबुज, एकटी राहणारी श्रीमंत म्हातारी असं काही दिसलं, तर रहस्यपट. वस्तू ओळखा, प्रकार आपोआप ओळखू येतो.

ज्ञान झालं की ते स्वस्थ बसू देत नाही. मी आमच्या इमारतीच्या जिन्यात, लेटरबॉक्सपाशी, भेटेल त्याला हे समजावून सांगू लागलो. तळमजल्यावरच्या दिर्चेबाई कान देऊन ऐकत. पहिल्या मजल्यावरचे हिशेबनीस तिबुर्त्सी पोटदुखीची गोळी घेतल्यासारखा चेहरा करून ऐकत. बायको निवेस म्हणाली, "बुधवारी बोलायचंय ना? मग बुधवारीच बोल." बायकोला संकेत कळत नाहीत असं मी त्या दिवशी मनात म्हणालो. माझ्या मूर्खपणाची ती नुसती सुरुवात होती.

माझी आई, आर्जा, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहते. वडील गेल्यापासून तिने खाली आमच्यात राहायला यावं असं मी पुष्कळदा म्हणालो, आणि तिने पुष्कळदा "बघते" म्हटलं. तिच्या 'बघते'चा अर्थ आमच्या खात्यातलाच. तर ऑक्टोबरच्या त्या दिवसांत मी ऑफिसमधून जेवायला घरी येत असताना जिन्यात एक गृहस्थ वरून उतरताना दिसले. सत्तरीच्या पुढचे, काळी टोपी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काखेत. आणि हातात मोजे. थंडी अजून पडली नव्हती. त्यांनी टोपीला हात लावून "नमस्कार" म्हटलं आणि ते भराभर निघून गेले. मी आईला विचारलं, कोण आलं होतं? ती म्हणाली, "कोणी नाही. तू जेवलास का?"

पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात लिहिलंय की रहस्यपटात बळी पडणारी व्यक्ती नेमकी हेच उत्तर देते.

दिर्चेबाईंकडून कळलं की हा मनुष्य आठवड्यातून दोनदा येतो, तोही नेमका मी ऑफिसात असताना. नाव सेत्तीमिओ कार्लोनी, रेल्वेतून निवृत्त झालेला गार्ड, बायको वारलेली, स्टेशनपलीकडे राहतो. "आता बघा," दिर्चेबाई खाली आवाजात म्हणाल्या, "घर तर आईच्या नावावर आहे ना?" घराचा विचार माझ्या मनात तोपर्यंत आला नव्हता असं मी लिहू शकतो. पण दिर्चेबाई हे वाचणार आहेत, आणि 'हो' म्हणताना माझा चेहरा कसा झाला होता ते त्यांनी पाहिलंय.

मग पुरावे आपल्या पायांनी चालत येऊ लागले. आईच्या ओट्याखाली तेजाबाची बाटली दिसली आणि शेजारी तारेचा ताठ ब्रश. दोन दिवसांनी पाहतो तर दिवाणखान्यातला वडिलांचा फोटो भिंतीवर नाही, जागेवर नुसता फिकट चौकोन. विचारलं तर म्हणाली, काच पुसायला दिलीय. काच कोणी बाहेर पुसायला देतं का? एकदा मी दाराशी उभा असताना आतून तिचा आवाज आला, "उबाल्दोला इतक्यात काही सांगायचं नाही. दोन तारीख होऊ दे." दार वाजवायला उचललेला हात तसाच खिशात घालून मी खाली आलो.

आणि शेवटी शेवंती. मी खिडकीतून पाहिलं, सेत्तीमिओ दोन्ही हातांत पांढऱ्या शेवंतीची कुंडी धरून आमच्या दारातून आत शिरत होता. आमच्याकडे शेवंती जिवंत माणसाला कोणी देत नाही. ती मेलेल्यांची फुलं. आजाऱ्याला भेटायला जाताना चुकून कोणी ती नेली तर आजारी माणूस भिंतीकडे तोंड करतो. आणि हा माझ्या धडधाकट आईला कुंडीभर शेवंती आणून देत होता. तिबुर्त्सीसाहेबांनी हे ऐकून चष्मा काढला. ते म्हणाले, "साहेब, मी आकड्यांचा माणूस. पण ही बेरीज मलासुद्धा जमली." त्यांनी पोलिसांत जायचा सल्ला दिला. दिर्चेबाईंनी आधी आईच्या कॉफीचा वास घेत जायचा सल्ला दिला. मी दोन्ही पाळले. रोज सकाळी वर जाऊन मी आईचा कप हुंगत असे आणि ती मला सर्दी झालीय समजून रुमाल देत असे.

ठाण्यात फौजदार ओळखीचे होते, बुधवारी पुढच्या रांगेत बसणारे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मयत कोण?" त्यांनी विचारलं.

"अजून कोणी नाही."

"मग जखमी?"

"तसंही कोणी नाही."

"मग तुमच्या आईसाहेबांनी तक्रार द्यायला हवी."

मी म्हणालो की बळी पडणाऱ्याला आपण बळी पडतोय हे कधीच माहीत नसतं, हाच तर या प्रकाराचा मुख्य संकेत आहे. फौजदारांनी मान डोलावली आणि सांगितलं की संकेतावर गुन्हा नोंदवता येत नाही, पण अर्ज देता येतो आणि अर्जाला मुद्रांकाचा कागद लागतो. मुद्रांकाचा कागद आमच्याकडे तंबाखूच्या दुकानात मिळतो. दुकान जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होतं. ते उघडेपर्यंत मी समोरच्या बाकावर बसलो, आणि कामाच्या दिवशी दुपारी नगरपालिकेचा माणूस बाकावर बसलेला दिसला की गावाला जे वाटायचं ते वाटतं. दुकानदाराने विचारलं, कागद कशासाठी? मी म्हणालो, खाजगी. तो हळहळला. नवा घटस्फोटाचा कायदा तेव्हा नुकताच झाला होता. संध्याकाळी निवेस पाव घेऊन आली आणि पाव टेबलावर आपटून तिने विचारलं की आपण वेगळे होतोय ही बातमी तिला पाववाल्याच्या बायकोकडून का कळावी. अर्ज तसाच राहिला. निवेसची समजूत काढण्यात माझा सगळा मुद्देसूदपणा खर्च झाला.

शनिवारी सकाळी आई काळा कोट घालून बाहेर पडली. कोपऱ्यावर सेत्तीमिओ उभा होता, हातमोजे घालून, पिशवी घेऊन. पिशवीतून बाटलीचं तोंड वर आलं होतं. दोघं बसमध्ये बसले. मी मागची बस धरली. दिर्चेबाई आणि तिबुर्त्सी माझ्या मागे आले, मी बोलावलं नव्हतं. त्यांची बस कब्रस्तानाच्या फाटकाशी थांबली, दोघं उतरले, आणि माझ्या अंगावर काटा आला. या मनुष्याची हिंमत तर बघा, मी म्हणालो. थेट इथेच.

दोन नोव्हेंबर, म्हणजे मृतांचा दिवस, जवळ आला होता आणि त्याआधीच्या शनिवारी आमचं अख्खं गाव कब्रस्तानात असतं, बादल्या, ब्रश, शिड्या घेऊन, आपापली माणसं घासून पुसून लख्ख करत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ते दरवर्षी आई करते हे मला माहीत होतं, आणि त्यापलीकडे मी काही विचार केला नव्हता. त्या गर्दीत आई दिसेनाशी झाली. मी वडिलांच्या कबरीकडे धावायचं ठरवलं आणि तिथेच माझ्या लक्षात आलं की बापाची कबर कुठल्या रांगेत आहे ते मला आठवत नाही. मी डावीकडे गेलो, मग उजवीकडे, कुठल्याशा डॉक्टरच्या कबरीला प्रदक्षिणा झाली. शेवटी शिडीवर चढलेल्या एका बाईला विचारलं. ती म्हणाली, "तुमचे वडील ना? ते काय, सरूच्या झाडामागे. सेत्तीमिओ घासतोय ती."

झाडामागून पाहिलं तर सेत्तीमिओ गुडघ्यावर बसला होता, एका हातात तेजाबाची बाटली. दुसऱ्या हाताने तो आईला थर्मासच्या झाकणातून काहीतरी काळं देत होता. आईने ते ओठाला लावलं. मी झेप घेतली.

"आई, पिऊ नकोस," असं मी ओरडलो. माझा आवाज मोठा आहे, बांधकामाच्या जागी लागतो तसा. झाकण माझ्या हाताने उडालं आणि कॉफी वडिलांच्या नुकत्याच घासलेल्या पांढऱ्या दगडावर सांडली, त्यांच्या नावापासून खाली ओघळत तारखेपर्यंत. दगडावर वडिलांचा चिनी मातीचा नवा गोल फोटो बसवलेला होता. भिंतीवरच्या फोटोवरून करून घेतलेला. पायथ्याशी शेवंतीची कुंडी होती. कब्रस्तानातले सगळे ब्रश थांबले. शिडीवरची बाई शिडीवर तशीच वळली.

आईने रुमालाने हनुवटी पुसली. ती म्हणाली, "उबाल्दो. तुला रस्ता सापडला तर."

सेत्तीमिओ उठला, त्याने हातमोजे काढले, टोपी काढली. घरच्या मंडळींच्या मनात नसेल तर मी मधे येणार नाही, असं तो आईला म्हणाला, माझ्याकडे न बघता. बादली तिथेच ठेवून तो फाटकाकडे चालत गेला आणि लोकांनी त्याला वाट दिली. मला कोणी दिली नाही. मी बादली उचलून कॉफी पुसायला लागलो तेव्हा आईने माझ्या हातून फडकं काढून घेतलं.

तिने मला रागवायला हवं होतं. तिने काहीच केलं नाही. रविवारी तिच्याकडून ओव्हनमधल्या विन्चीसग्रासीचा, म्हणजे खिम्याचे थर दिलेल्या पास्त्याचा, ट्रे खाली येतो, माझ्या लग्नापासून एकही रविवार तो चुकला नाही. तो आला नाही. निवेसने अंडी फोडली. सेत्तीमिओ त्या आठवड्यात जिन्यात दिसला नाही, आणि आई दिवसभर खिडकीशी बसलेली दिर्चेबाईंनी पाहिली. दोन तारखेला, वडिलांच्या कबरीवर मला आणि निवेसला घेऊन जाऊन, लग्न करायचं ठरवलंय हे ती आम्हाला सांगणार होती. हे मला निवेसने सांगितलं. निवेसला सुरुवातीपासून माहीत होतं. "तू विचारलंस कुठे, तू समजावून सांगत होतास," ती म्हणाली.

आणि मग बुधवार आला. फादर काठी टेकत उठून आले होते, मला वाटलं सुटलो. पण त्यांनी दारातली खुर्ची घेतली आणि मला स्टेजवर बसवलं. हॉल इतका भरला होता की नाताळलाही भरत नाही. चित्रपट रहस्यपट होता, त्यातही हातमोजे होते, आणि ते पडद्यावर आले की लोक पडदा सोडून माझ्याकडे बघत होते. दिवे लागले. दिर्चेबाईंनी हात वर केला आणि विचारलं की समजा एखाद्या इमारतीत अमुक अमुक घडलं, तर त्याला कुठला प्रकार म्हणावा. तिबुर्त्सी म्हणाले, विनोदी. औषधाच्या दुकानातले गृहस्थ म्हणाले की विनोदी म्हणता येणार नाही, शेवट आनंदाचा लागतो. कोणीतरी म्हणालं, प्रेत हरवलेला रहस्यपट. मी फादरांकडे पाहिलं. ते म्हणाले, उदाहरण जवळचं असलं की विषय चांगला समजतो.

तिसऱ्या रांगेत आई बसली होती, काळा कोट घालून. ती येईल असं मला वाटलं नव्हतं.

मी उभा राहिलो. मी म्हणालो की सगळ्या वस्तू मी बरोबर ओळखल्या होत्या. हातमोजे होते, बाटली होती, कुजबुज होती, शेवंती होती. पण वस्तूंवरून प्रकार ठरत नाही. त्या कोणासाठी आणल्या आहेत आणि एकामागून एक कशा लागल्या आहेत, त्यावरून ठरतो. तेच हातमोजे गळाही दाबतात आणि दगडही घासतात. हे पाचव्या प्रकरणात आहे, आणि ते मी रविवारी अंडी खाऊन झाल्यावर वाचलं.

"मग प्रकार कुठला निघाला?" फौजदारांनी विचारलं.

"प्रेमाचा," मी म्हणालो.

"आणि त्यात तुमचं काम काय?"

प्रेमाच्या चित्रपटात आडवं येणारं एक माणूस असतंच, हा पहिला संकेत. मला लाज वाटत होती, कानापर्यंत वाटत होती, आणि उत्तर एकच होतं. मी म्हणालो, "खलनायकाचं."

आई बसल्या जागेवरून बोलली, मोठ्याने नाही. "खलनायकाला डोकं लागतं, बाळा. तू नुसता मुलगा आहेस. ज्याला आईचं सगळं आधीच माहीत असतं असा."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सेत्तीमिओ हॉलमध्ये कुठे आहे का म्हणून मी शेवटच्या रांगेपर्यंत नजर फिरवली. तो नव्हता. चित्रपटात असता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात रजा सांगून मी स्टेशनपलीकडे सेत्तीमिओच्या घरी गेलो. वाटेत वाक्यं तयार केली होती. त्याने मला स्वयंपाकघरात बसवलं, बडीशेपेच्या दारूचे दोन छोटे ग्लास भरले. मी म्हणालो की माझं चुकलं, तुम्ही परत या, आईच्या वतीने तुम्हाला मागणी घालायला आलोय असं समजा.

त्याने बाटलीला बूच लावलं. मग म्हणाला, "तिथे पाण्याचा नळ एकच आहे, फाटकापाशी. तुम्हाला माहीत नसेल. तुमच्या आई कॅन भरून तिसऱ्या रांगेपर्यंत न्यायच्या, मधे दोनदा खाली ठेवून. मी माझ्या लीनाकडे जायचो, वाटेतच होतं, म्हणून मी उचलू लागलो. मग त्यांना वाकवेना, म्हणून घासू लागलो. मी विचारलं, मुलगा नाही का? तर म्हणाल्या, आहे ना, फार मोठ्या कामात असतो. नगरपालिकेत." त्याने एक घोट घेतला. "फार कौतुकाने सांगायच्या हो."

मी ग्लास खाली ठेवला. कबरीपुढे मी ओरडलो होतो, हॉलमध्ये शंभर लोकांपुढे उभा राहिलो होतो, पण खरी मान खाली गेली ती त्या स्वयंपाकघरात, आणि तिथे बघायला कोणी नव्हतं.

"लग्नाचं मी आधी तुमच्या वडिलांना विचारलं," सेत्तीमिओ म्हणाला. "दगड घासता घासता. ते नाही म्हणाले नाहीत. विचारायचे राहिले ते फक्त तुम्ही. त्यात माझीही चूक आहे."

दोन तारखेला तो आला. काळी टोपी, नवा टाय. आईने त्याचा हात धरला आणि बादली माझ्या हातात दिली. नळ फाटकापाशीच आहे, आणि भरलेली बादली तिसऱ्या रांगेपर्यंत न्यायला मलासुद्धा मधे एकदा खाली ठेवावी लागली. सारं गाव बघत होतं. मी वडिलांचा दगड घासला, तारखेतल्या खाचांमध्ये बसलेली कॉफी काड्यांनी काढली. निवेसने शेवंती बदलली. आईने लांबून पाहिलं, जवळ येऊन पाहिलं, आणि म्हणाली, "ठीक आहे. आता लीनाकडे चला."

लीनाची कबर सहाव्या रांगेत होती. मी पुन्हा पाणी आणलं, गुडघे टेकले आणि ज्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं तिचं नाव घासू लागलो. आई आणि सेत्तीमिओ मागे उभे होते, हातात हात घालून.

"जरा जोर लावा," सेत्तीमिओ संकोचून म्हणाला. "ती फार टापटिपीची होती."